वजनाचा हिशेब

आपण व्यापारी माणसे. वजनाशी आपले नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. हिंगोलीच्या बाजारात हळदीचा हंगाम सुरू झाला की शेतकऱ्याच्या पोत्यापासून परगावी निघालेल्या ट्रकपर्यंत सारे काही काट्यावर चढते. बारदानाचे वजन वजा होते, ट्रक आधी रिकामा तोलला जातो आणि मग भरलेला. निव्वळ माल किती, हे कळल्याशिवाय वहीत आकडा पडत नाही. अशा घरात वाढलेला माझा पुतण्या वजन घटवण्याच्या विद्येत रमला, याचे प्रारंभी आम्हा सर्वांनाच नवल वाटले.

तो पुण्यात यंत्र अभियांत्रिकी शिकतो. विद्यार्थ्यांनी एकआसनी शर्यतीची गाडी स्वतः बांधून उतरवावी, अशा स्पर्धा आपल्या देशात होतात. कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर भरणारी ‘फॉर्म्युला भारत’ ही त्यांपैकी एक. गेल्या दिवाळीत घरी आला तो अशाच गाडीची यादी घेऊन. प्रत्येक सुट्या भागाचे नाव, त्याचे काम आणि ग्रॅममध्ये वजन. दुकानाची रोजमेळ लिहावी तशी ती यादी नेटकी होती. शिक्षण संपल्यावर त्याने अडत सांभाळावी, अशी त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंची इच्छा. त्याचा ओढा मात्र वाहने घडवण्याकडे. हा प्रश्न घरात वर्षभर अनुत्तरित होता, आणि ती यादी त्या प्रश्नासह आमच्या बैठकीत आली.

वेग हवा तर मोठे इंजिन बसवावे, अशी आपली साधी समजूत असते. पुतण्याने मला हिशेब मांडून दाखवला. समजा, गाडी १२०० किलोंची आणि इंजिन १२० अश्वशक्तीचे आहे. गाडीतून २०० किलो काढले, तर प्रत्येक अश्वशक्तीच्या वाट्याला १० ऐवजी सुमारे ८.३ किलो येतात. वजन न घटवता हेच प्रमाण साधायचे झाल्यास १४४ अश्वशक्तीचे इंजिन लागेल. परंतु मोठ्या इंजिनाचा लाभ वेग घेतानाच मिळतो, तर हलकेपणाचा लाभ वेग घेताना, ब्रेक लावताना आणि वळणावर, असा तिन्ही ठिकाणी होतो. त्याच वेगाने धावणारी हलकी गाडी थांबवताना ब्रेकना एक षष्ठांश ऊर्जा कमी जिरवावी लागते. शिवाय मोठे इंजिन स्वतःच जड असते. त्याला मोठे ब्रेक, मोठी टाकी आणि भक्कम सांगाडा लागतो, म्हणजे व्याजावर व्याज चढावे तसे वजनावर वजन चढत जाते.

इंग्लंडच्या लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी हे तत्त्व आयुष्यभर पाळले. त्यांच्या पश्चात १९९६ मध्ये त्या कंपनीने ‘एलिस’ नावाची गाडी बाजारात आणली. तिचा सांगाडा ॲल्युमिनियमचे भाग इपॉक्सीने चिकटवून केलेला होता आणि त्याचे वजन अवघे ६८ किलो भरले. संपूर्ण गाडी सुमारे ७२५ किलोंची होती. इंजिन १.८ लिटरचे, साधारण ११८ अश्वशक्तीचे, म्हणजे आजच्या एखाद्या कौटुंबिक गाडीला शोभेल इतकेच. तरीही तिची गणना जातिवंत स्पोर्ट्स कारमध्ये होते.

हा विचार आपल्या महाराष्ट्रातही रुजला. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्स या छोट्या कारखान्याने चॅपमन यांच्या ‘लोटस सेव्हन’च्या धर्तीवर दोन आसनांची उघडी गाडी बनवली. तिचे अंग फायबरग्लासचे आणि इंजिन इसुझूचे, १.८ लिटरचे. त्याच जातीचे इंजिन हिंदुस्तान मोटर्स आपल्या काँटेसा आणि अ‍ॅम्बेसेडर गाड्यांत बसवत असे. पुढाऱ्यांची जड पोलादी अ‍ॅम्बेसेडर संथपणे ओढणारे इंजिन हलक्या अंगात बसताच शर्यतीची भाषा बोलू लागले.

मग काढायचे काय, आणि कोठून? येथे हळदीच्या माणसाला फारसे समजावून सांगावे लागत नाही. साधारण पाच क्विंटल ओल्या हळदीची शिजवून, वाळवून एक क्विंटल सुकी हळद होते. ते घटलेले वजन पाण्याचे असते, गुणाचे नसते. पुढे पॉलिशच्या ड्रममध्ये साल निघते, रंग खुलतो. ड्रम गरजेपेक्षा अधिक फिरला, तर मात्र गाभाच घासला जातो आणि मालच घटतो.

गाडीतही जागेला महत्त्व आहे. बीएमडब्ल्यूने २००३ च्या ‘एम ३ सीएसएल’ गाडीला कार्बन फायबरचे छप्पर दिले. त्यातून वाचले थोडेच किलो, परंतु ते गाडीच्या माथ्यावरचे होते. माथा हलका झाला की गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर गाडी कमी कलते. चाकांचे वजन तर दुहेरी भार असते, कारण चाक पुढेही न्यावे लागते आणि फिरवावेही लागते. खड्ड्यावरून जाताना हलके चाक लवकर रस्त्यावर परत टेकते, त्यामुळे टायरची पकड सुटत नाही.

याच मोहाची दुसरी बाजूही पुतण्याने सांगितली. चॅपमन यांच्या ‘लोटस ७२’ या शर्यतीच्या गाडीत चाके हलकी करण्यासाठी ब्रेक चाकांतून काढून गाडीच्या अंगात बसवले होते आणि चाकाशी ते एका पोकळ दांड्याने जोडले होते. सप्टेंबर १९७० मध्ये इटलीतील मोंझा येथे सरावाच्या वेळी योखेन रिंट यांच्या गाडीला अपघात झाला. ब्रेकचा हाच दांडा तुटला असावा, असे मानले जाते. रिंट यांचा त्यात मृत्यू झाला. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले.

हे ऐकताना दादा गप्प झाले. दोन वर्षांपूर्वी शिरड शहापूरहून श्री मल्लिनाथांचे दर्शन घेऊन ते परतत होते. औंढ्याच्या अलीकडे बाजूच्या रस्त्याने भरधाव आलेले वाहन त्यांच्या दारावर आदळले. दार आत चेपले, दोन बरगड्या मोडल्या, पण जीव वाचला. दारातली आडवी पोलादी पट्टी वाकली होती, तुटली नव्हती. पुतण्याने ती गॅरेजमधून मागून आणली आणि दुकानातल्या काट्यावर ठेवली. पुरती दोन किलोही भरली नाही.

त्याच्या यादीत शेवटचा एक रकाना होता : ‘हात लावू नये’. त्यात चालकाच्या डोक्यामागची पोलादी कमान, नाकाशी बसवलेला धक्का शोषणारा ठोकळा आणि आसनाचे पट्टे यांची नोंद होती. स्पर्धेचे परीक्षकही आधी हेच तपासतात. फॉर्म्युला वनमध्ये ग्रॅमाग्रॅमसाठी झगडा चालतो, तरी २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती सुमारे ७ किलोंचे टायटॅनियमचे कडे सक्तीचे झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये बहारीनच्या शर्यतीत रोमँ ग्रोजाँ यांची गाडी लोखंडी कठड्यात घुसून दुभंगली आणि पेटली. ते त्यातून जिवंत बाहेर आले, ते याच कड्यामुळे. आरंभी त्यांनीच या कड्याला विरोध केला होता.

आपल्या घरांतील तरुण मंडळीही हल्ली नव्या गाड्यांत फेरफार करू पाहतात. त्यांनी हे ध्यानी घ्यावे की शर्यतीची गाडी बंदिस्त मार्गावर धावते, तिच्या चालकाला शिरस्त्राण आणि पोलादी पिंजरा असतो. रस्त्यावरच्या गाडीतून आसने, पट्टे वा दारातील पट्ट्या काढणे हा जिवाशी खेळ आहे. उत्पादकाच्या मूळ रचनेत असा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठीही आहे. ज्यांना गाडी हलकी करावयाची असेल, त्यांनी डिकीत महिनोन्‌महिने पडलेले नमुन्यांचे कट्टे आणि जुन्या वह्यांचे गठ्ठे आधी उतरवावेत.

दादांनी यादी पुन्हा वाचली आणि विचारले, “ही कमान किती किलोंची?”

“मोजली आहे, बाबा. पण घटवायच्या रकान्यात तिला घेतलेले नाही.”

दादा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कोणते वजन ठेवायचे, हे तुला कळते. मग तू हेच काम कर.” पुतण्या वाकून त्यांच्या पाया पडला.

यंदाचा हंगाम आम्ही दोघा भावांनीच काढला. थंडीत दादांच्या बरगड्या अजून दुखतात, म्हणून काट्यापाशी मी उभा राहतो आणि गादीवर बसून वही ते लिहितात.