शेगडा

सकाळी शटर वर गेलं की पहिला उजेड त्याच्या दांड्यावर पडतो. खिडकीखाली जाड फळ्यांचं टेबल, त्यावर चार बोल्टांनी आवळून बसवलेला बिडाचा शेगडा. सहा इंची. म्हणजे जबड्याची रुंदी सहा इंच, दीडशे मिलिमीटर. शेगड्याची ओळख त्याच्या जबड्यावरूनच सांगतात. रंग कधीकाळी निळा असावा, खाचांत अजून दिसतो. आजची मुलं त्याला 'व्हाइस' म्हणतात. शेगडा हा शब्द बाबांचा, आणि त्यांच्यामागे तो मीच वापरते.

बाबा फिटर. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, पुढे नाशिकजवळ सातपूरच्या शिवारात कारखाने उभे राहिले, आणि सिन्नरकडची कोरडवाहू शेती सोडून जी पोरं भोंग्याच्या वेळेला बांधली गेली, त्यांतले ते एक. निवृत्तीनंतर त्यांनी हा गाळा घेतला. मशीन यायला पुष्कळ दिवस लागले. शेगडा मात्र पहिल्याच आठवड्यात अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातून हातगाडीवर आला. आता गाळ्यात दोन सीएनसी आहेत, एक मिलिंग आहे, मोठ्या कारखान्यांचं जॉबवर्क आहे. तरी नव्या मुलाचा पहिला दिवस अजून त्याच्यासमोरच जातो.

स्वभावाने तो संथ आहे. त्याचा एक जबडा जागचा हलत नाही. दुसरा चौकोनी आट्यांच्या स्क्रूवर पुढे-मागे सरकतो, दांड्याच्या एका फेऱ्याला जेमतेम थोडासा. घाई केली की तो ऐकत नाही. त्याचा दांडा मधे किंचित वाकलेला आहे, कारण फार वर्षांपूर्वी कोणीतरी जोर लावायला त्यात पाइप घातला होता. दांडा हाताच्याच ताकदीने आवळायचा, पाइपने नाही आणि हातोड्याने तर नाहीच. बाबांनी तो वाक सरळ केला नाही. नव्या मुलाला आधी तो वाक दाखवायचे.

त्याची उंचीही ठरलेली. उभं राहून कोपर वाकवलं तर जबड्याची वरची कड कोपराच्या पातळीत यायला हवी. ती खाली असेल तर कंबर जाते, वर असेल तर खांदे भरून येतात. टेबल काही प्रत्येकासाठी खाली-वर होत नाही. म्हणून बाबांनी पायाखाली घ्यायला दोन लाकडी फळ्या करून ठेवल्यात. बुटका मुलगा आला की एक फळी, अगदीच लहानखुरा असेल तर दोन्ही.

आमच्याकडे आयटीआय झालेली मुलं शिकाऊ उमेदवार म्हणून येतात. कोणी श्रमिकनगरचं, कोणी पेठचं, सुरगाण्याचं, हरसूलचं. गल्लीतले सगळे कारखानदार चहाच्या टपरीवर एकच गाऱ्हाणं सांगतात: या पोरांना दम नाही, एका जागी उभी राहत नाहीत, सारखा हात मोबाइलकडे. मीही तेच म्हणायचे.

बाबांची शिकवण्याची पद्धत एका शब्दाची होती: घास. लोखंडाचा चौकोनी तुकडा शेगड्यात द्यायचा, हातात कानस द्यायची आणि पंधरा दिवस तिकडे फिरकायचं नाही. त्यांच्या काळातली मुलं घासत राहायची. कारण विचारायची पद्धत नव्हती, आणि परत जायचं तर कोरड्या रानात.

तेच मी पेठच्या एका मुलाशी केलं. त्याने दुसऱ्या दिवशी विचारलं, "ताई, हे मिलिंगवर दोन मिनिटांत होतं. मग हाताने कशाला?" मला तो उद्धटपणा वाटला. मी म्हटलं, "विचारू नको, घास." चौथ्या दिवशी तो आला नाही. त्याचा तुकडा आठवडाभर शेगड्यातच अडकून होता, मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरलेला. कानस पुढे नेताना सुरुवातीला डाव्या हाताचा भार जास्त हवा आणि शेवटाला उजव्याचा, नाहीतर ती झोके घेते आणि पृष्ठभाग असा कासवाच्या पाठीसारखा होतो. हे त्याला मी सांगितलंच नव्हतं. त्याने आपलं आपण शोधून काढावं अशी माझी अपेक्षा होती. ती चूक माझी होती, आणि तो तुकडा मी अजून खणात ठेवला आहे.

शेगड्याच्या जबड्यांना पोलादी पट्ट्या असतात, त्यांवर तिरप्या रेघांची जाळी कापलेली. ते त्याचे दात. कच्चं लोखंड पकडायला ते लागतातच, नाहीतर घाव बसला की तुकडा निसटतो. पण ज्या बाजूला आधीच काम झालेलं आहे, ती त्याच दातांत दिली तर जाळीचे वण उठतात आणि जॉब रिजेक्ट होतो. म्हणून तयार बाजू पकडायची असेल तर दातांवर तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे वाकवून बसवतात. पकड पुरेशी घट्ट राहते, वण उठत नाहीत.

पेठचा मुलगा गेल्यानंतर हे पत्रे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. बाबांच्या काळातला मुलगा कारखान्यात यायचा तेव्हा त्याने लेथ डोळ्यांनी पाहिलेला नसायचा. आज येणाऱ्याने मोबाइलवर जर्मनीतला कारखाना पाहिलेला असतो, थ्रेड कसा कापतात ते पाहिलेलं असतं, चुकीचंही बरंच पाहिलेलं असतं. त्याच्या एका बाजूवर काम झालेलं आहे. त्याला उघड्या दातांत धरलं की पहिल्या फेऱ्यालाच वण उठतो, आणि आपण म्हणतो, पोरगं नाजूक आहे.

पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो शाळेत न रमलेल्या गावातल्या मुलांना हाताने कामं करता करता शिकवण्यासाठी. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेला माणूस शिरूर तालुक्यातल्या त्या माळावर जाऊन राहिला. मुलाला आधी काम द्यावं आणि त्या कामातून उठलेल्या प्रश्नाला शास्त्र द्यावं, ही त्यांची वाट मला गाळ्यात फार उपयोगी पडली. 'हाताने कशाला' हा प्रश्न उठला म्हणजे काम सुरू झालं, एवढं मला कळायला हवं होतं.

गेल्या वर्षी फिटर ट्रेडची एक मुलगी आली. लहानखुरी. दोन्ही फळ्या लागल्या. तिसऱ्या दिवशी तोच प्रश्न. या वेळी मी अगदी सपाट अशा सरफेस प्लेटवर निळा रंग अगदी पातळ पसरला आणि तिने घासलेली पट्टी त्यावर हलकेच फिरवायला सांगितली. उलटून पाहिलं तर निळे ठिपके फक्त मधे. जिथे निळं तिथे उंच. तिने पट्टी शेगड्यात धरली, निळं तेवढंच घासलं, पुन्हा रंगावर फिरवली. ठिपके थोडे पसरले. पुन्हा. दोन तास तिने मान वर केली नाही. मोबाइल टेबलावर वाजत होता.

दम नाही, असं ज्यांच्याबद्दल म्हणतात त्यांतलीच ही मुलगी. तिला काय हवं होतं? आपण केलं त्याचं काय झालं, हे लगेच दिसायला हवं होतं. पंधरा दिवसांनी सरांनी येऊन 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणणं तिला पुरलं नसतं, आणि का पुरावं? निळा रंग प्रत्येक घासण्यामागे उत्तर देतो. शेगडा तोवर पट्टी धरून ठेवतो, एवढंच त्याचं काम.

नंतर मी तिला सीएनसीवर नेलं. टूल झिजलं की माप सरकतं, मग ऑफसेट बदलावा लागतो, कधी दोन शतांश मिलिमीटर, कधी चार. केसाच्या जाडीहूनही कमी. पडद्यावर तो एक आकडा असतो. हाताने चार शतांश घासून काढायला किती वेळ लागतो हे ज्याला ठाऊक आहे, तो त्या आकड्याला घाईने हात लावत नाही. तिने आकडा टाकण्याआधी मायक्रोमीटर तीनदा लावला. मी काही बोलले नव्हते.

तांब्याचे जुने पत्रे फाटले होते. नवे तिने केले, भंगारातल्या पट्टीतून, जबड्याच्या मापाला अचूक वाकवून.

संध्याकाळी काम संपलं की शेगड्याचा कीस ब्रशने झाडायचा, स्क्रूला तेल द्यायचं, जबडे जवळ आणायचे पण पूर्ण मिटवायचे नाहीत, आणि दांडा उभा लोंबता ठेवायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला लागू नये म्हणून. परवा एक नवा मुलगा जबडे गच्च आवळून निघाला होता. तिने त्याला हाक मारली. मला वाटलं, रागावणार. ती म्हणाली, "इकडे ये, सोड ते जरा. रात्रभर असं आवळून ठेवलं तर आट्यांवर ताण राहतो. बघ, आता फिरवून बघ, किती हलका फिरतो."

त्याने बॅग खाली ठेवली आणि दांडा हातात घेतला.