‘सून’ कधी येणार?

खडकवासल्याला एका खोलीत मी एनडीएच्या लेखी परीक्षेचं इंग्रजी शिकवतो. दोनशे गुणांचा भाग. धरणाच्या पाण्यापलीकडेच प्रबोधिनी, त्यामुळे पोरांना आपण निम्मे पोहोचलोच असं वाटतं. २०२१ पासून मुलींनाही ही परीक्षा देता येते. अडचणीचे प्रश्न बहुतेक त्याच विचारतात.

परवा एकीने विचारलं, “सर, ‘हार्ड’ म्हणजे कसून, मग ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम कसं?”

‘अपवाद आहे, पाठ कर’ म्हणून सुटता आलं असतं. पण खडू उचलला. जुन्या इंग्रजीत ‘लीच’ म्हणजे देह. त्याच घराण्यातलं ‘लाइक’, आणि शब्दांच्या शेपटाला उरलेलं हे ‘ली’. ‘हार्डली’चा अर्थ आधी ‘जोर लावून’ असाच होता. मग झाला ‘कष्टाने’. कष्टाने होतं ते थोडंच होतं, म्हणून शेवटी ‘जेमतेम’.

मागून एक पोरगा म्हणाला, “म्हणजे आपलं ‘मुश्किलीने’, सर! मुश्किलीने पन्नास माणसं असतील लग्नाला.” माझ्या अख्ख्या व्याख्यानापेक्षा हे सरस होतं.

मग वर्ग सुटलाच. ‘ओन्ली’ म्हणजे ‘वन’ला ‘ली’. ‘पर्हॅप्स’मधलं ‘हॅप’ म्हणजे नशीब, ‘हॅपी’ही त्यातलंच. ‘व्हेरी’ फ्रेंचमधून आलं, तेव्हा त्याचा अर्थ होता ‘खरं’. खऱ्याचा नुसता जोर उरला. ‘लिटरली’ आज त्याच वाटेवर आहे. ‘ऑब्व्हियसली’ मुळात लॅटिन, वाटेत आडवं येणारं. रविवारी संध्याकाळी इथल्या धरणाच्या चौपाटीवर कणसं खायला आलेल्या गाड्यांतून ज्याने घर गाठलंय, त्याला हा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

खरी गंमत ‘सून’ची. (या उच्चारावर वर्ग हसायचा तो हसलाच.) जुन्या इंग्रजीत याचा अर्थ ताबडतोब. ‘प्रेझेंटली’ही एके काळी ताबडतोबच. माणसं ताबडतोब म्हणत राहिली, सवडीने येत राहिली आणि शब्द सैलावले. त्यात इंग्रजांना हसण्यासारखं काही नाही, आपल्या ‘आलोच’ने तरी कुठे वेळ पाळलीय?

आता उशीर झालेल्या कुणी फोनवर “आलोच” म्हटलं, की बाकीचे ओरडतात, “जुन्या इंग्रजीतलं की आत्ताचं?”