मागच्या बोळासकट

वाड्यात वाढलेली चार माणसं एकत्र आली की पहिल्या दहा मिनिटांत बंब निघतो. तांब्याचा, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. त्याच्यापाठोपाठ मेतकूट-भात, गच्चीवरचे पापड, चौकातला प्राजक्त आणि गणपतीतल्या आरत्या. आमची पिढी आता सत्तरीच्या आसपास आहे. पुण्याच्या पेठांत जन्मली, कोथरूड-सहकारनगरच्या फ्लॅटांत म्हातारी झाली. या गप्पांना नावं ठेवायचा माझा विचार नाही. त्यांत माझाच आवाज सगळ्यांत मोठा असतो. पण पहाटे साडेचारला उठून त्या बंबात ढलप्या कोण सारायचं, असं मध्येच विचारून बघा. बैठक जरा चाचपडते. ‘आई असेल.’ ‘आजी असेल.’ ‘बाई यायची बहुतेक.’ बंबाची तोटी पितळी होती आणि ती सदा गळायची, एवढं मात्र सगळ्यांना पक्कं आठवतं.

पुरातत्त्व म्हटलं की आपल्याला हडप्पा आठवतं, फार तर इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 पासून बरीच वर्षं खणलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची शंभरावर घरं उलगडली. चूल कुठे, धान्याच्या कणग्या कुठे, आणि घराच्या जमिनीखालीच, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून, त्यांत पुरलेलं तान्हं मूल. लिहिलेलं अक्षर हाताशी नसताना एवढं कळतं. पण जिथे कागदांचे ढीग आहेत त्या काळालाही कुदळ लावणारी एक शाखा आहे, ऐतिहासिक पुरातत्त्व. गेल्या चार-पाचशे वर्षांतली घरं, अगदी कालपरवापर्यंतची. कागद असताना माती कशाला उकरायची? तर कागद लिहितो कोण, हा प्रश्न आहे. ज्याला लिहिता येतं आणि ज्याला काहीतरी नोंदवून ठेवायची गरज असते, तो. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत, पण पेशव्यांनी रमण्यात वाटलेल्या दक्षिणेपेक्षा परसातल्या राखेची चौकशी करायची असेल तर खाली वाकावंच लागतं.

अमेरिकेत जेम्स डीट्झ नावाच्या अभ्यासकानं 1977 मध्ये ‘इन स्मॉल थिंग्ज फरगॉटन’ या पुस्तकात न्यू इंग्लंडमधल्या जुन्या वसाहतींची ताटं, थडग्यांचे दगड आणि घरांचे आराखडे घेऊन एवढंच दाखवलं, की एका भांड्यात दोघांनी जेवणारी माणसं शंभर-दीडशे वर्षांत आपापली बशी घेऊन बसू लागली, आणि त्याबरोबर घरातल्या खोल्याही वेगळ्या झाल्या. विल्यम राथजे तर आणखी पुढचा. त्यानं 1973 मध्ये अॅरिझोनातल्या टूसान शहरात चालू कचरा तपासायला घेतला. लोक तोंडानं बिअर कमी सांगत आणि पिंपात डबे जास्त निघत. गोमांसाची टंचाई झाली तेव्हा लोकांनी घाबरून साठा केला आणि उलट जास्त मांस टाकून दिलं. यात लबाडी असतेच असं नाही. माणसाला आपल्या घराबद्दल जे वाटतं ते एक, आणि घर मागे काय ठेवतं ते दुसरं.

शनिवार पेठेतला आमचा वाडा पाडायचं ठरलं तेव्हा माझी भाची पुरातत्त्व शिकत होती. आम्ही भावंडं आठवणी वेचायला गेलो होतो. ती टेप, वही आणि रंगारी वापरतात तसला चपटा ब्रश घेऊन आली. मी माळ्यावरचा डबा खाली काढायला हात घातला तर म्हणाली, “मामा, थांब. कुठे होता ते आधी लिहू दे.” मला ते जरा अतीच वाटलं. चिवड्याचा गंजका डबा तो, त्याचं काय लिहायचं?

पण दिवसभर तिच्यामागे फिरताना वाडा वेगळा दिसायला लागला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर रंगाचे थर होते. सगळ्यांत आत नीळ घातलेला चुना, मग पिवळी डिस्टेंपर, कमरेइतका हिरवा ऑइलपेंट. तुळईवरची काजळी मात्र कुठल्याच रंगाला जुमानली नव्हती. गॅस येऊन पन्नास वर्षं झाली तरी चूल नेमकी कुठे होती ते ती सांगत होती. आणि तसल्या काजळ्या एक नाही, चार निघाल्या. माजघरात एक, पडवीत एक, माडीवर जिन्याशी एक. एका घराच्या वाड्याची चार बिऱ्हाडं कशी झाली, त्याचा हा पुरावा. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली; मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला जागा सोडणं परवडेना. म्हणून एकेका खणाला पत्र्याची भिंत, कोपऱ्यात कडप्प्याचा ओटा, त्याखाली टीचभर मोरी. आमच्या गप्पांत ‘वाडा म्हणजे एक कुटुंब’ असतं. भिंतीत मात्र खिळे ठोकून कायमची बंद केलेली तीन दारं होती.

मोरीशेजारची शहाबादी फरशी उचलली तेव्हा खाली बोटभर जाडीचा करडा, गुळगुळीत गाळ निघाला. त्याखाली पुन्हा शेणानं सारवलेली जुनी जमीन. भाचीनं विचारण्याआधीच आम्ही सगळे एकदम म्हणालो, “पानशेत!” 12 जुलै 1961, पानशेतचं धरण फुटून पूर आला तो दिवस. पेठांतली माणसं अजून लग्नं-मुंजी ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘नंतर’ अशाच सांगतात. त्या गाळात हिरव्या बांगडीचे तुकडे, पाटीवरच्या पेन्सिलीचं थोटूक आणि एक नया पैसा होता. नया पैसा 1957 च्या एप्रिलमध्ये आला, त्यामुळे हिशेब बरोबर जुळला. पेन्सिल माझी असू शकेल. मी तेव्हा पहिलीत होतो.

त्या दिवशी सापडलं त्याहून मोठी यादी न सापडलेल्याची होती. घागरी, पराती, चरव्या, वेळण्या यांतलं काही नाही, कारण सत्तरच्या दशकात स्टील आलं आणि तांबं-पितळ मोडीत गेलं. साड्या बोहारणीला, वर्तमानपत्रं रद्दीत, तुपाचा डबा धान्याला. ज्या वस्तूला किंमत असते ती जमिनीत जातच नाही, ती वितळून दुसऱ्याच्या घरी जाते. आत्याच्या लग्नात वाड्यात पाचशे पान उठलं म्हणतात. केळीची पानं आणि पत्रावळी, म्हणजे दुसऱ्या दिवशी गायीच्या पोटात. तिच्या लग्नाचा कणही खाली नसणार. आणि एका रुसव्यात फुटलेल्या कपाचे तुकडे मात्र आणखी हजार वर्षं तसेच राहतील. जमिनीतून इतिहास लिहायचा म्हणजे फुटक्या-तुटक्याचा इतिहास लिहायचा, हे धोरण म्हणून नव्हे, नाइलाज म्हणून.

चिवड्याच्या त्या डब्यात खिळे होते, आणि खिळ्यांत एक पितळी फुलपात्र. बुडाला चीर गेलेलं, म्हणून पाण्याला निरुपयोगी, म्हणून खिळ्यांना, आणि म्हणूनच मोडीतून वाचलेलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात हे इथे सांगायला नको. आता मशीन भुर्रकन गिरवतं. पूर्वी दुकानदार छोट्या छिन्नीनं टिकटिक करत एकेका बारीक टिंबातून अक्षर उठवायचा आणि गिऱ्हाईक समोर ताटकळत बसायचं. भाचीनं फुलपात्र तिरप्या उजेडात धरलं. काठाखालचं टिंब अन् टिंब तिनं वहीत उतरवलं. ‘चि. अंबू हीस मामांकडून शके 1846’. सालं मिळवली तर 1924. अक्षरं एका बाजूला पार पुसट झाली होती, जिथे उजव्या हाताचा अंगठा टेकतो तिथे. पण अंबू कोण? आमच्या घरात अंबू नावाचं कुणी नव्हतं. शेजारच्या बिऱ्हाडाचं आलं असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

उलगडा आत्यानं केला. ती नव्वदीला टेकलेली, फोनवर कमी ऐकू येतं, दोनदा ओरडून सांगावं लागलं. मग म्हणाली, “अरे, अंबू म्हणजे आमची आई. माहेरचं नाव तिचं.”

आमची आजी रमाबाई. रेशनकार्डावर रमाबाई, वाड्याच्या कागदांवर रमाबाई, मृत्यूच्या दाखल्यावर रमाबाई. लग्नात लक्ष्मीपूजनाच्या वेळी तबकातल्या तांदळांवर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, आणि त्या दिवसानंतर अंबू कुठल्याच कागदावर आली नाही. आम्ही नातवंडं तिच्या मांडीवर वाढलो, पण तिला कुणी कधी त्या नावानं हाक मारलेली आम्ही ऐकली नाही. तांदूळ शिजून गेले असतील. फुलपात्र राहिलं. आणि अंगठ्याची ती झीज बघितली तर बुडाला चीर पडेपर्यंत ती बाई पाणी त्याच भांड्यातून पीत होती.

इथपर्यंत आम्हा सगळ्यांचे डोळे पाणावले होते आणि खरं तर आठवणींचा कार्यक्रम इथेच संपायला हवा होता. पण भाची वही घेऊन मागच्या दाराला गेली.

मागच्या दाराबाहेर, हात पोचेल इतक्या उंचीवर, भिंतीत एक कोनाडा होता. त्यात निळ्या काठाचा एक कप, कान तुटलेला, आत चहाचा तपकिरी थर कायमचा बसलेला. बशी नाही. तिनं विचारलं, “हा बाहेर का?” सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं आणि कुणी लवकर बोलेना. भांडी घासणाऱ्या बाईंचा कप तो. आजी वरून चहा ओतायची, त्या पिऊन, विसळून परत तिथेच ठेवायच्या. आमच्या घरात जातपात कधीच पाळली नाही, हे वाक्य मी माझ्या वडिलांच्या तोंडून अनेकदा ऐकलं आहे आणि ते मनापासून बोलत. कोनाडा मात्र घर बांधतानाच ठेवलेला होता. नंतर फोडलेला असता तर त्याच्या कडांना चुन्याची इतकी सुबक गोलाई नसती.

आणि त्याच्यापुढे बोळ. अडीच फूट रुंद, वरून उघडा, दोन्ही वाड्यांच्या पाठींमधून रस्त्याला मिळणारा. बोळाकडे उघडणाऱ्या दोन लोखंडी झडपा, गंजून घट्ट बसलेल्या. टोपलीचे संडास. बोळातून माणूस यायचा, झडप उघडून टोपली काढायचा, डोक्यावर घेऊन जायचा. सार्वजनिक गटार येऊन फ्लश बसेपर्यंत हे रोज चाललं. पुढच्या दिंडीदरवाजावर गणेशपट्टी, पितळी कड्या, आल्यागेल्याला दिसावी अशी नक्षी. तिथे आमचे शेकड्यांनी फोटो आहेत. बोळातला एक नाही. वाड्याचा नकाशा काढला की कळतं, ही सोय मागून आलेली नव्हती. घर उभं राहिलं तेच या दुसऱ्या वाटेवर आणि त्या वाटेनं येणाऱ्या माणसांवर. मैला वाहून नेण्याच्या या कामावर देशात बंदीचा कायदा व्हायला 1993 साल उजाडावं लागलं आणि 2013 मध्ये तो पुन्हा नव्यानं करावा लागला.

बंबापर्यंत आठवण जाते आणि बोळापाशी थांबते, हा काही आमच्याच घराचा दोष नव्हे. पण आठवण ज्याची असते त्याला ती सोयीची असते, आणि म्हणूनच आमच्यासारख्यांनी वाड्यावर लिहिताना वाड्यालाही साक्षीला बोलवावं, असं माझं मत झालं आहे.

हे काम पुण्यात एका माणसानं फार पूर्वी सुरू केलं होतं. दिनकर केळकर, ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहिणारे. लोक अडकित्ते, दिवे, कुलपं, फण्या, स्वयंपाकघरातली भांडी मोडीत घालत होते तेव्हा ते गावोगाव हिंडून ती विकत घेत राहिले. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं त्यांनी संग्रहालय केलं आणि पुढे ते राज्य सरकारच्या हवाली केलं. बाजीराव रस्त्याजवळच्या त्या इमारतीत नुसते अडकित्ते बघत तास जातो. तरी एक म्हणतो. संग्राहकाची नजर देखण्याकडे जाते, जाणारच. मोराचा अडकित्ता येतो, कानतुटका कप येत नाही. तो आपल्यालाच जपायचा आहे.

म्हणून, ज्यांचे वाडे, चाळी, कोकणातली किंवा देशावरची घरं अजून उभी आहेत आणि करारावर सह्या व्हायच्या आहेत, त्यांना एक विनंती. जेसीबी यायच्या आधीचा एक रविवार त्या घराला द्या. वस्तू हलवण्याआधी तिचा जागेवर फोटो काढा, कुठल्या कोनाड्यात, कुठल्या फळीवर ते चिठ्ठीवर लिहून तिला बांधा. जागा हरवली की निम्मी वस्तू हरवते. भांडी घासूनपुसून चकचकीत करू नका. त्यांवरची नावं जशीच्या तशी उतरवून घ्या आणि घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईला ती वाचून दाखवा. घराचा साधा नकाशा काढा, टेपनं मापं घ्या. त्यात मागचा बोळही मोजा, आणि तिथून येणाऱ्यांचं एखादं नाव घरात कुणाला आठवत असेल तर तेही लिहून ठेवा.