जे प्लस, जे मायनस

डेल्फीतल्या जे स्विचवरचा वाद नेहमी नीतीच्या अंगाने चालतो: कॉन्स्टंट बदलता कामा नये, बदलू देणारा कंपायलर ढिला. मला हे भांडणच भलत्या जागी वाटतं. टाइप न दिलेला कॉन्स्टंट स्विच कसाही ठेवला तरी बदलत नाही. स्विचचा अंमल फक्त टाइप दिलेल्यांवर: जे प्लस असेल तर ते बदलता येतात, जे मायनस असेल तर नाही. आणि टर्बो पास्कलपासून टाइप दिलेला कॉन्स्टंट म्हणजे आधीच किंमत भरून ठेवलेलं व्हेरिएबलच. प्रोसिजरच्या आत लिहिला तर त्याचं नाव आतल्यापुरतं राहतं, पण किंमत पुढच्या कॉललाही शाबूत असते. सीमध्ये यासाठी स्टॅटिक आहे. पास्कलमध्ये ही सोय कॉन्स्टच्या दारातून आली. म्हणजे जे मायनस केलं की नुसती शिस्त येत नाही, एक सोयही जाते. तिच्या जागी काय, इथे माझं घोडं अजून अडतं.

डेल्फीची मदतपुस्तिका सांगते, नव्या कोडमध्ये जे मायनस ठेवा आणि किंमत भरलेली व्हेरिएबल वापरा. पण किंमत पुढच्या कॉलपर्यंत टिकवणारी अशी व्हेरिएबल डेल्फीत प्रोसिजरबाहेरच जाहीर करावी लागतात; एका रुटीनचा काउंटर अख्ख्या युनिटला उघडा पडतो. स्ट्रिक्ट प्रायव्हेट क्लास व्हेरिएबल हे चोख उत्तर आहे, मान्य. तरी चार ओळींच्या रुटीनसाठी क्लास उभारणं मला जिवावर येतं, आणि बाहेर काहीही न दिसू देणाऱ्या आटोपशीर रुटीनचा तोराही त्यात आहेच. सीवाल्यांनी हसू नये. स्ट्रिंग लिटरलवर लिहू देणारा स्विच जीसीसी या सी कंपायलरनेही बाळगला होता, तो 4.0 मध्ये गेला. एमकेटेम्पसारखं फंक्शन दिलेल्या स्ट्रिंगमध्येच नवं नाव कोरतं. त्याला लिटरल देणारा जुना कोड त्या स्विचवर तगून होता. शिवाय तिथे चूक बहुधा प्रोग्रॅम चालताना कोसळून कळते. जे मायनस ती कंपाइल होतानाच अडवतो.

मला हलवलं ते थ्रेडनी. दोन थ्रेड एकाच रुटीनमध्ये शिरले की दोघांना या कॉन्स्टंटची मेमरी तीच. बाहेरच्या व्हेरिएबललाही हाच धोका, पण ते निदान व्हेरिएबल म्हणून लिहिलेलं असतं. कॉन्स्ट वाचणाऱ्याला शंकाच येत नाही. या आक्षेपाला माझ्याकडे तोड नाही. म्हणून हल्ली युनिटच्या माथ्यावर जे मायनस स्पष्ट लिहितो, कारण फ्री पास्कल हा दुसरा कंपायलर मुळात उलट, जे प्लस धरून चालतो. आणि एकाच थ्रेडच्या कोडमध्ये, अगदीच मोह झाला, तर त्या एका ओळीपुरता प्लस करून लगेच मायनस.