सायकल निवडताना

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण दोन वर्षांच्या पगारातून साठवलेले पन्नास हजार रुपये घेऊन रोड सायकल निवडावयास निघाला आणि दोहोंपाशी अडला. एक वजनाने हलकी, २५ मिलिमीटर टायरची. दुसरी किंचित जड, ३२ च्या टायरची, मागील दातेरी चक्र मोठे असलेली. द्रुतगती मार्गावर सायकलला मज्जाव. म्हणजे पनवेलहून खोपोलीस जुन्याच महामार्गाने जावयाचे, आणि पुढे शिंग्रोबाचा घाट! तेथे हलक्या सायकलीपेक्षा हलका गिअर तारतो. पावसाळी खड्ड्यांत रुंद टायर. मी दुसरीच्या बाजूने कौल दिला. मात्र सांगाडा आपल्या उंचीस बसतो का, हे बसून पाहणे आधी. पोप बारावे पायस यांनी १९४९ साली घिसाल्लोच्या मातेस सायकलस्वारांची आश्रयदात्री घोषित केले. तिचे चॅपेल इटलीतील एका चढाच्या माथ्यावर आहे, हे ऐकून तो हसला. हेल्मेटपुरते पैसे त्याने बाजूला काढले.