घडणावळ

नाताळची सुटी संपून शाळा उघडली की दहावीच्या पालकांची आमच्याकडे ये-जा वाढते. अकरावीला कोणते विषय घ्यावेत, शिकवणी कुठे लावावी, गणित झेपेल का, अशी चौकशी असते. त्याची उत्तरे देणे अवघड नसते. एक प्रश्न मात्र दरवर्षी दोन-तीन पालक दार लोटून घेऊन, आवाज खाली आणून विचारतात, ‘‘सर, मुलगी चित्रकलेचं म्हणते आहे. त्यावर पोट भरतं का हो?’’ यंदा एका वडिलांनी पुढे असेही म्हटले, ‘‘ती तुमचं ऐकते. तुम्हीच समजावा. छंद म्हणून ठेव म्हणावं.’’

कोणाला समजावायचे तर आधी आपण समजून घ्यावे. म्हणून आम्ही शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीला बोलावले. दहावी होऊन तिला पंधरा वर्षे झाली. ती चित्रे काढते, वर्षभर मातीचे दागिने करते आणि संक्रांतीच्या सुमारास हलव्याचे. तिला दुसरी नोकरी नाही. ‘‘नाव छापू नका सर, नाहीतर ओळख काढून सवलत मागायला घरी येतील,’’ असे ती हसत म्हणाली, म्हणून या लेखात तिला ताई म्हणू. आमच्या शिक्षिका तिला तसेच म्हणतात.

ताईने सोबत चित्रे आणली होती, पण आमचे लक्ष वेधले ते तिच्या वहीने. साधी दोनशे पानी वही. प्रत्येक वस्तूला एक ओळ आणि ओळीत चार रकाने: सामान, वेळ, विक्री, हातात काय उरले. गणिताच्या बाईंनी ती वही वर्गात दाखवायला मागून घेतली आहे.

त्या वहीतले मातीच्या झुमक्यांच्या एका जोडाचे उदाहरण घेऊ. माती चाळायची, मळायची, आकार द्यायचा, चार-पाच दिवस सावलीत सुकवायची. उन्हात ठेवली तर तडा जातो. मग भाजायची, मग बारीक कुंचल्याने रंगवायची आणि शेवटी आकडे बसवायचे. सुकण्याचा आणि भाजण्याचा वेळ सोडून नुसता हाताचा वेळ धरला तर एका जोडाला एक तास वीस मिनिटे लागतात. माती, रंग, आकडे आणि डबी मिळून खर्च ३८ रुपये. प्रदर्शनातल्या गाळ्याचे दोन दिवसांचे भाडे १५०० रुपये होते आणि साठ जोड विकले गेले, म्हणजे जोडामागे भाडे २५ रुपये. विक्रीची किंमत १५० रुपये. उरले ८७. तासाला साधारण ६५ रुपये पडले.

आता गाळ्यावर येणारी बाई म्हणते, ‘‘दीदी, कुछ तो कम करो, मिट्टी ही तो है. सौ में दे दो.’’ आपल्या लोकांचेही तेच असते, फक्त ते मराठीत म्हणतात. घेणाऱ्याच्या मनात हिशेब असा की दीडशेतले पन्नास कमी झाले, तिसरा भाग. पण माती स्वस्त झालेली नसते आणि गाळ्याचे भाडेही उतरलेले नसते. ते पन्नास रुपये ८७ मधून जातात. ताईच्या हातात उरतात ३७ आणि मजुरी निम्म्याहून खाली येते. इतका साधा हिशेब, पण आम्ही स्वतः इतकी वर्षे गाळ्यांवर फिरताना तो कधी कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे, घडणावळ. आम्ही हिंदी माध्यमातले पदवीधर, आमच्या तोंडी ‘बनवाई’. घडणावळ हा शब्द आम्ही सासूबाईंकडून शिकलो, तोही सराफ्यात. (रात्री जिथे आपण भुट्ट्याचा कीस आणि गराडू खायला जातो, तोच सराफा. दिवसा तिथे सोन्याचे व्यवहार होतात, हे आमच्या विद्यार्थ्यांना कधीकधी सांगावे लागते.) सोनाराच्या पावतीवर सोन्याचे वजन आणि भाव वेगळे लिहितात, घडणावळ वेगळी. घडणावळीत घासाघीस होते, नाही असे नाही. पण घडणावळ मुळात कशाला, असे सोनाराला कोणी विचारत नाही. मातीच्या झुमक्यात वजनाला मोल नाही. तिथे जवळजवळ सगळी किंमत ही घडणावळच असते, आणि नेमकी तीच पावतीवर दिसत नाही.

हलव्याच्या दागिन्यांचे तर विचारूच नका. नव्या सुनेची पहिली संक्रांत आणि बाळाचे बोरन्हाण आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून अजून होते. काळी साडी दुकानात मिळते, पण हलव्याचा तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा आणि जावयाचा हार-नारळ कोणीतरी बसून करावा लागतो. साबुदाणा किंवा खसखस परातीत मंद आचेवर घ्यायची, साखरेचा पाक चमचा-चमचा घालायचा आणि बोटांच्या टोकांनी सतत फिरवत राहायचे. काटा यायला कोरडी थंडी लागते. ढगाळ हवा आली की काटा रुसतो. पाक घाईने जास्त पडला की दाणे एकमेकांना चिकटतात आणि सगळा घाणा वाया जातो. बोटे पोळतात ते वेगळेच. मग पुठ्ठा कापून, सोनेरी कागद लावून, एकेक दाणा दोऱ्यात ओवून किंवा चिकटवून दागिना होतो. तयार झाल्यावर मुंग्यांपासून राखायचा. सुनेच्या एका पूर्ण संचाला वीस तास लागतात. संच २००० रुपयांना जातो, सामान ४०० रुपयांचे. म्हणजे तासाला ८० रुपये.

यात एक गोष्ट आम्हाला फार आवडली. त्या वीस तासांतले निम्मे तास ताईच्या आईचे असतात. पूर्वी ते वहीत येत नसत. ‘‘आई काय, घरचीच आहे, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो,’’ ताई म्हणाली. चार वर्षांपूर्वी तिने आईचे तास वेगळे लिहायला सुरुवात केली आणि रथसप्तमी झाली की ती रक्कम आईच्या खात्यात भरते. पहिल्या वर्षी आईने ते पैसे परत करायचा प्रयत्न केला. दुसऱ्या वर्षी विचारले, ‘‘या वेळी कमी का आले?’’

चित्रांचा हिशेब वेगळा आहे. कोणी आजी-आजोबांचे व्यक्तिचित्र करून मागितले तर ९००० रुपये. कॅनव्हास, रंग आणि चौकट यांचे १८०० वजा करून तीस तासांना भागले की तासाला २४० रुपये. म्हणजे झुमक्यांच्या जवळजवळ चौपट. मग झुमके कशाला करायचे? कारण गेल्या वर्षी अशी चित्रे पाचच आली. आपल्या मनाने काढलेली तीन निसर्गचित्रे तिने एका कलादालनात ठेवली होती. एक गेले, त्यातला तिसरा हिस्सा दालनाने घेतला आणि दोन सहा महिन्यांनी परत आली. चित्र भाव देते पण वाट पाहायला लावते. झुमके दर आठवड्याला थोडे-थोडे देतात. शिवाय दीडशेचे झुमके घेऊन गेलेली बाई वर्षभराने आईचे चित्र करून मागायला येते, असे दोनदा घडले आहे.

‘‘मग तू चित्रकार की दागिने करणारी?’’ असे आम्ही विचारले. ती म्हणाली, ‘‘सर, कुंचला एकच आहे.’’

या शहरात हे नवीन नाही. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये इथे चित्रकला शाळा सुरू केली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत ना. श्री. बेंद्रे, डी. जे. जोशी, विष्णु चिंचाळकर आणि मकबूल फिदा हुसेन ही नावे आहेत. आपण त्यांचे मानसन्मान सांगतो, पोट कसे भरले ते सांगत नाही. पंढरपूरला जन्मलेले आणि इंदुरात वाढलेले हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत. पुढे त्यांनी मुलांचे फर्निचर आणि लाकडी खेळणी यांचे काम केले. बेंद्रे इंदूरचेच, जन्म १९१०. ऐन उमेदीत त्यांनी श्रीनगरला पर्यटकांसाठीच्या सरकारी कार्यालयात चित्रकार म्हणून नोकरी केली आणि १९५० पासून बडोद्याच्या विद्यापीठात शिकवले. पद्मभूषण मिळाले ते १९९२ मध्ये. यात कोणाला कमीपणा वाटत असेल तर तो त्यांनी आपल्याजवळ ठेवावा. आम्हाला वाटतो तो दिलासा, कारण चित्रावर जगणे म्हणजे चित्र विकले जाईपर्यंत उपाशी बसणे नव्हे, हे त्यातून मुलांना दाखवता येते.

मात्र सगळे गोड आहे, असे लिहून आम्ही पालकांची फसवणूक करणार नाही. पावसाळ्याचे तीन महिने ताईकडे फारसे काम नसते. माती सुकत नाही आणि प्रदर्शनेही थांबतात. भाजण्याच्या भट्टीसाठी ती एका बँकेत कर्ज मागायला गेली तेव्हा पगाराची पावती आणा म्हणाले. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. सोनार आहे, कुंभार आहे, माळा करणारे आहेत, बाहुल्या-खेळणी करणारेही आहेत. चित्रकार नाही. ‘‘मी मातीचे दागिने करते, तर मी कुंभार की सोनार, हे मलाच सांगता येईना,’’ ती म्हणाली. हस्तशिल्प विभागाचे ‘पहचान’ ओळखपत्र मात्र तिने काढले आहे. सरकारी मेळ्यांत गाळ्यासाठी अर्ज करताना ते उपयोगी पडते. आणि घरी कोणी स्थळ घेऊन आले, ‘मुलगी काय करते?’ असे विचारले की नातेवाईक पटकन म्हणतात, ‘घरीच असते.’ हे सांगताना मात्र ती हसली नाही.

तिची वर्षाची मिळकत तिने आम्हाला सांगितली, ती आम्ही छापणार नाही. आपल्या शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षिकेच्या पगाराच्या आसपास आहे, एवढे लिहितो. ते वाचून विश्वस्तांनी ताईचे कौतुक करावे की शिक्षिकेची काळजी, हे त्यांनी ठरवावे.

ज्या वडिलांनी आम्हाला समजावायला सांगितले होते, त्यांना आम्ही ताईसमोर बसवले. त्यांनी वही अर्धा तास पाहिली. ते स्वतः लेखा विभागात काम करतात, त्यामुळे त्यांनी दोन ठिकाणी बेरीजही दुरुस्त केली. मग विचारले, ‘‘आजारी पडलीस तर?’’ ताई म्हणाली, ‘‘तर त्या महिन्याला काही नाही, काका. म्हणून विक्रीतले शंभरातले दहा मी वेगळे ठेवते. दोन वर्षांपूर्वी मनगट दुखावलं होतं, तेव्हा त्यावरच निघाले.’’ त्यांचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. मुलीला वाणिज्य शाखेत घालावे आणि चित्रकला बाहेर शिकू द्यावी, असा त्यांचा विचार दिसतो. मुलीचा विचार वेगळा आहे. अर्ज भरायला अवकाश आहे. आम्ही मुलीला समजावलेले नाही. तिला आम्ही एक दोनशे पानी वही दिली आहे.

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकाचा विषय आहे. आठवी ते दहावीच्या चित्रकलेच्या दोन तासिकांपैकी एक संगणकाला द्यावी, अशी सूचना आली आहे. संगणकाला आमचा विरोध नाही. ताई आपल्या वस्तूंची छायाचित्रे फोनवरच ग्राहकांना पाठवते. पण तिचा हात ज्या तासिकांत तयार झाला त्या याच इमारतीतल्या होत्या, आणि एका तासिकेत रंग भिजवून होईस्तोवर घंटा होते, हे चित्रकलेच्या सरांनी आम्हाला लेखी दिले आहे. ते पत्र आम्ही बैठकीत ठेवू. जागा हवी असेल तर ती आठवड्याच्या दुसऱ्या परिपाठातून काढता येईल, असे आमचे मत आहे.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी शाळेच्या अंगणात हळदीकुंकू आणि मुलांनी केलेल्या वस्तूंची विक्री आहे. दुपारी चारपासून. ताई मातीचे मणी रंगवून दाखवणार आहे. यंदा प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी असेल आणि तिच्यावर तीन ओळी: सामान, वेळ, किंमत. पालकांनी सुटे पैसे आणावेत आणि घासाघीस करायचीच असेल तर दुसरी ओळ वाचून करावी.

मुलांनी तास मोजायला सुरुवात केली आहे. सहावीतल्या एकाने भेटकार्ड करून आणले आणि चिठ्ठीवर लिहिले, ‘अडीच तास, त्यातला अर्धा तास रंग सांडला म्हणून.’ त्या अर्ध्या तासाचे पैसे लावायचे की नाही, यावर वर्गात अजून एकमत झालेले नाही.