बाबासाहेबांच्या लंडनमधील घराकडे, भुयारी गाडीने

परदेशवारी म्हटली की आपल्या वस्तीतल्या माणसाला पहिली धास्ती खर्चाची आणि दुसरी वाट चुकण्याची. लेकाकडे, लेकीकडे लंडनला जाऊन आलेले आपले कितीतरी ज्येष्ठ बांधव-भगिनी महिनाभर घरात बसून परत येतात. तरुण मंडळी कामावर आणि आपण खिडकीत. चैत्यभूमी झाली, दीक्षाभूमी झाली. पण लंडनला जाऊनही बाबासाहेब जिथे राहिले ते घर पाहायचे राहून जाते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही उभयतां हाउन्स्लो भागात लेकीकडे उतरलो होतो. सुट्टीच्या दिवशी मोटारीने नेते, असे ती म्हणाली. पण आमची सारी नोकरी बेस्टच्या गाडीत तिकिटे फाडण्यात गेलेली. परके शहर ओळखायचे तर ते दहा माणसांत बसूनच, अशी आमची पक्की समजूत.

लंडनची भुयारी रेल्वे जगातली पहिली. १८६३ साली सुरू झाली तेव्हा बोगद्यातून वाफेची इंजिने धावत, त्या धुरात प्रवाशांचे काय होत असेल ते तेच जाणोत! आज सगळा कारभार विजेचा आणि कार्डाचा. आत जाताना पिवळ्या गोलावर कार्ड टेकवायचे, बाहेर पडताना पुन्हा टेकवायचे. बाहेर पडताना विसरलात तर जास्तीत जास्त भाडे कापले जाते. बसमध्ये मात्र चढतानाच टेकवायचे. तिथे २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, आणि कंडक्टर तर नाहीच. हे पाहून आम्हांस चुकल्याचुकल्यासारखे झाले. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, ज्याचे त्याचे कार्ड हवे. बसचे भाडे २०२५ साली पावणेदोन पौंड होते, मग दोन थांबे जा की वीस. त्याच भाड्यात तासाभरात दुसरी बस पकडता येते. अकरा वर्षांखालील नातवंडे मोठ्यांबरोबर फुकट. कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर निघालात तर भुयारी गाडीही बहुधा स्वस्त पडते. शिवाय दिवसभरात एका ठरलेल्या रकमेपुढे पैसे कापलेच जात नाहीत. चहाच्या पैशांचाही हिशेब ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही मोठी सोय आहे.

नकाशाला भिऊ नका. विजेच्या जोडण्यांचे आराखडे काढणाऱ्या हॅरी बेक नावाच्या नोकरदाराने तो रचला आणि १९३३ साली तो छापला गेला. त्यात अंतरे खरी नाहीत, फक्त रंग आणि स्टेशनांचा क्रम पाहायचा. हाउन्स्लोहून निळ्या पिकॅडिली मार्गाने लेस्टर स्क्वेअरला उतरायचे आणि काळ्या नॉर्दर्न मार्गाची गाडी धरायची. हा मार्ग कॅम्डन टाउनला फुटतो, आपल्या कल्याणला कर्जत आणि कसारा फुटतात तसा. आपल्याला एजवेअरची गाडी हवी. लेस्टर स्क्वेअरपासून सातवे स्टेशन चॉक फार्म.

गाडीत आमच्या एका बाजूला एक गोरा गवंडी बसला होता, चुन्याने माखलेले बूट घालून. दुसऱ्या बाजूला हिजाब घातलेली मुलगी. कोणी कोणाला काही विचारले नाही. समोरच्या मराठी गृहस्थांनी मात्र आमचे बोलणे ऐकून विचारले, "कुठले तुम्ही?" आम्ही म्हणालो, मुंबईचे. "मूळ गाव?" सातारा जिल्हा. "आडनाव काय?" आमच्या सहचारिणी म्हणाल्या, "बाबासाहेबांच्या घरी निघालोय. जयभीम!" ते "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि पुढच्या स्टेशनला दाराकडे सरकले. उतरले मात्र त्यानंतर तीन स्टेशनांनी.

सातारा म्हटल्यावर मसूर आठवल्याशिवाय राहत नाही. १९०१ साली लहानगा भीम भावासह वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला आणि मसूर स्टेशनवर उतरला. जात कळताच एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी भावाने हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. पुढे १९२९ साली चाळीसगावला तेच. तोवर बाबासाहेब डॉक्टर झाले होते, बॅरिस्टर झाले होते. तरी टांगेवाल्यांनी नकार दिला. सवय नसलेल्या आपल्याच माणसाने टांगा हाकला, तो उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ह्या दोन्ही प्रवासांच्या मध्ये लंडन आहे.

चॉक फार्म स्टेशन गडद लाल कौलांनी मढवलेले आहे. ते १९०७ सालचे, म्हणजे बाबासाहेब तिथे राहत होते तेव्हाही हेच उभे होते. बाहेर पडून रेल्वेवरचा पूल ओलांडला की उजव्या हाताला किंग हेन्रीज रोड. घर क्रमांक १०. दारावर गोल निळी पाटी आहे, १९२१-२२ मध्ये ते इथे राहत होते असे सांगणारी. महाराष्ट्र शासनाने ही वास्तू २०१५ साली घेतली. स्थानिक नगरपालिकेने स्मारकाला परवानगी नाकारली होती, ती २०२० साली ब्रिटिश सरकारने दिली. शेजार शांत आहे, तेव्हा आत-बाहेर हळू बोलावे. पायऱ्यांवर आम्ही दोघे किती वेळ उभे होतो ते सांगता येत नाही. एवढ्या वर्षांत आमच्या सहचारिणींना इतके गप्प पाहिले नव्हते.

तिथून त्याच दिवशी, त्याच कार्डावर, होबर्नला उतरून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स पाहता येते आणि पुढच्याच चान्सरी लेन स्टेशनजवळ ग्रेज इन. जुन्या कंडक्टराने मात्र आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या देशातही गाडीवरची जागा सहज मिळाली नाही. ब्रिस्टल शहराच्या बस कंपनीत काळ्या आणि आशियाई माणसांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नसत. १९६३ साली पॉल स्टीफन्सन यांच्या पुढाकाराने तिथल्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. चार महिने तो चालला. ऑगस्टमध्ये कंपनी नमली आणि सप्टेंबरमध्ये तिथला पहिला बिगरगोरा कंडक्टर कामावर चढला. त्यांचे नाव रघबीर सिंग, ते शीख होते.

हाउन्स्लोला परतलो तेव्हा अंधार पडला होता. घरापर्यंतची शेवटची मजल बसची. सहचारिणींचे गुडघे पार थकले होते, पायरी चढवेना. चालकाच्या जागी एक आफ्रिकी वंशाच्या बाई होत्या. त्यांनी एकदा पाहिले आणि कळ दाबली. फुस्स आवाज करीत अख्खी बस फूटपाथच्या बाजूने खाली वाकली. सहचारिणी आत चढल्या, कार्ड टेकवले, आणि दाराजवळच्या जागेवर जाऊन बसल्या.